एक ऐरण, दोन कामं

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. वारा पडलेला, पाखरं गप्प. गारा पडणार हे पोरासोरांनाही कळत होतं.

त्या आभाळाखाली, एका लहानशा गावात, एक लोहार राहायचा. भट्टी एक, ऐरण एक, हातोडा एक. भाता ओढायला बायको.

उजाडताच एक शेतकरीण धावत आली. "लोहारदादा, ज्वारी उभी आहे अन् सहाच्या सहा विळे बोथट. आधी माझं बघा!"

मागोमाग गाडीवान आला, खांद्यावर गाडीचा मोडका आस घेऊन. "कापलेली ज्वारी काय पदरात नेणार, मावशी? आधी माझा आस!"

"न कापता गाडीत काय, वारा भरणार?"

लोहार हसला. जाड आस तापायला फार वेळ लागतो आणि तोवर ऐरण नुसती बसून राहते, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं आस विस्तवाच्या पोटात सारला अन् कडेला एक विळा ठेवला. विळा झटकन लाल झाला. ठोकला, पाण्यात बुडवला, की दुसरा. चार विळे झाले तोवर आस तापला. तो ठोकून पुन्हा तापायला घातला, तेवढ्यात उरलेले दोन विळे. मग शेवटचे घाव घालून आसही जोडून झाला.

शिकलेली माणसं सांगतात, संगणकाच्या पोटातही हीच युक्ती असते. एक काम माहितीची वाट बघत थांबलं, की तेवढ्यात त्याच ऐरणीवर दुसरं.

गाडीवान थक्क झाला. "वा रे लोहारा! मग माझ्या बाकीच्या दोन गाड्यांचेही आस मोडलेत, ते आणतो. एकदमच घाल की!"

"अहो, दोन्ही एकदम लाल होतील," बायको म्हणाली. "दुसरी ऐरण कुठून आणाल?"

पण लोहार कौतुकानं फुलला होता. त्यानं दोन्ही घातले. दोन्ही एकदमच लाल झाले. एक ठोकेपर्यंत दुसरा विस्तवात जळून ठिणग्या उडवू लागला. बाहेर काढला, तर टोकच झडलं.

"तुझं ऐकायला हवं होतं," तो बायकोला म्हणाला.

दोन गाड्या पळाल्या. ज्वारी घरी आली. तिसऱ्या गाडीपुरती तेवढी गारांखाली झोडपली गेली.

तात्पर्य: शेजारचा कुंभार संध्याकाळी लोहाराला म्हणाला तेच. "एक काम तापत असताना दुसरं ठोकून घेण्यात तुझा हात धरणारा कुणी नाही, गड्या. पण दोन्ही कामं एकाच क्षणी ऐरण मागायला लागली, तर एकाला थांबव. त्यात कमीपणा नाही."