तारेतलं सुतक

इंग्रजांनी तारायंत्राची तार गावावरून नेली आणि धुंडिराजशास्त्र्यांनी निवाडा दिला, "हिच्यातून मरणाच्या बातम्या धावतात. ज्याच्या छपरावरून तार गेली, त्या घराला सुतक! माझ्या हातून घराची शांत करून घ्या, नाहीतर सण नाही, लग्न नाही."

झालं! बांगड्या भरायला कोणी हात पुढे करीना. चिमा कासारणीवर उपाशी मरायची वेळ आली. ती तडक शास्त्र्यांच्या ओटीवर गेली.

"बुवा, तार गावात शिरते ती तुमच्याच छपरावरून. म्हणजे पहिले सुतकी तुम्ही. सुतक्याच्या हातची शांत चालते होय?"

शास्त्रीबुवांनी वर तारेकडे पाहिलं. मग खाकरून म्हणाले, "आजपासून हिच्यातून फक्त लग्नाच्याच बातम्या जातील. आत जा, सुनेला बांगड्या भर."