टिटवीच्या दारचे खडे

तळ्याकाठची पाखरं एकमेकांना विचारून वाट धरायची, त्या काळातली गोष्ट. आभाळ कोसळू नये म्हणून टिटवी पाय वर करून निजायची. त्यामुळे तिच्याएवढं आभाळ कुणीच पाहिलं नव्हतं. ताऱ्यांबद्दल तिने तीसेक गोष्टी सगळ्यांना सांगितल्या होत्या. तळ्याची रीत अशी, की ज्याचं सांगणं आपल्या कामी आलं, त्याच्या दारात एक खडा ठेवायचा. टिटवीच्या दारात जेमतेम दोन खडे होते.

एका हिवाळ्यात मात्र लांबलांबची पाखरं तिच्या दारात खडे ठेवू लागली. बघता बघता ढीग झाला. हरखून तिने करकोच्याला विचारलं, "दादा, माझं कुठलं सांगणं एवढं कामी आलं?"

करकोचा अवघडला. "तांबडा तारा कायम पुढेच सरकतो, असं तू म्हणाली होतीस ना, ताई? मला तो काही दिवस मागे फिरताना दिसला. मग खरं कोण, हे बघायला सगळेच वर बघू लागले, आणि ताऱ्यांवरून वाट ओळखायला शिकले. तू बोलली नसतीस, तर कुणी मान वर केली नसती."

टिटवीचं तोंड उतरलं. सगळे खडे तळ्यात लोटून द्यावेत, असं तिला वाटलं. पण तिने त्यातला सर्वांत देखणा खडा उचलला आणि करकोच्याच्या दारात नेऊन ठेवला. "त्या ताऱ्याचं खरं काय, ते मला तुझ्यामुळे कळलं," ती म्हणाली.

उरलेल्या खड्यांत तिने अंडी घातली. साप आला, त्याला नुसते खडेच दिसले, आणि तो निघून गेला.

टिटवी अजूनही घरटं विणत नाही.