कुंभार, गाढव आणि लाल मालमोटार

फार पूर्वीची ही गोष्ट आहे. त्या काळी मालमोटारी नुकत्याच जुन्या होऊ लागल्या होत्या आणि गाढवांनी बोलणे अद्याप सोडलेले नव्हते.

एका घाटाच्या पायथ्याशी एक कुंभार आणि त्याची पत्नी राहत असत. त्यांची मडकी घाटापलीकडच्या बाजारात नेण्याचे काम त्यांचे गाढव करीत असे. ते आता थकले होते; चढणीवर त्याचे पाय थरथरत.

"आपण एक जुनी मालमोटार घेऊ," कुंभार त्याला म्हणाला, "आणि तुला कायमची विश्रांती देऊ."

"विश्रांती जरूर द्या, धनी," गाढव म्हणाले, "पण कायमची म्हणू नका. मला धडकी भरते."

तिघेही जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याकडे गेले. दारातच एक मालमोटार उभी होती. तिचा लाल रंग असा चकाकत होता की कुंभाराला त्यात स्वतःच्या मिशा दिसल्या.

"कुंभारदादा, राजालासुद्धा शोभेल अशी आहे!" व्यापारी म्हणाला. "वहिनी, बसून तर पाहा!"

"हे आधीच बसले आहेत," पत्नी म्हणाली. "आमच्या लग्नातही ह्यांनी इतक्या कौतुकाने कोणाकडे पाहिले नव्हते."

कुंभार किल्ली घेण्यासाठी हात पुढे करणार, तोच गाढव म्हणाले, "धनी, साधे गाडगे तुम्ही टिचकी मारल्याखेरीज कोणाच्या हाती देत नाही. मग एवढी मोठी वस्तू न वाजवताच घेणार?"

व्यापारी हसला. "गाढवाला लोखंडातले काय कळते?"

"लोखंडातले नाही, ओझ्यातले कळते," गाढव शांतपणे म्हणाले. "माझी झूल पाहणाऱ्याला मी धडधाकट वाटतो. पट्टा काचतो तो पोटाखाली."

कुंभार ओशाळला. खाली उतरून त्याने दारावर टिचकी मारली. खणखणीत आवाज आला. मग तो मोटारीखाली सरपटला आणि तिथेही टिचकी मारली. तडा गेलेल्या रांजणासारखा बद्द आवाज आला. त्याने बोटाने दाबताच पुट्टीचा खपला पडला, त्यामागून तांबूस भुगा पडला आणि पत्र्याच्या भोकातून त्याला थेट आकाश दिसले.

बाहेर येऊन त्याने किल्ली नाकारली. मग तो गाढवाला हळूच म्हणाला, "अरे, तू गप्प राहिला असतास, तर आजपासूनच सुटला असतास."

"सुटलो असतो," गाढव म्हणाले. "पण घाटात त्या मोटारीत तुम्ही दोघे असता."

पत्नीने डोळ्यांना पदर लावला. कुंभाराने गाढवाच्या मानेवरून हात फिरवला.

अंगणाच्या टोकाला आणखी एक मालमोटार होती. रंग उडालेली, अंगभर तांबूस डाग, आणि आसनावर अंडी उबवत बसलेली कोंबडी. कुंभाराने मोटारीचा तळ, चौकट आणि हौदा टिचक्या मारून तपासला. सगळीकडे खणखणीत आवाज आला. डाग खरवडले, तर खाली निरोगी लोखंड होते.

"ही घेतो," तो म्हणाला.

"पिल्ले बाहेर पडेपर्यंत थांबावे लागेल," कोंबडीने बजावले. तिघे आनंदाने थांबले.

ती मालमोटार पुढे कित्येक वर्षे घाट चढत राहिली. पहिल्या खेपेला मडक्यांच्या मधोमध, गवताच्या गादीवर, गाढव ऐटीत उभे होते.

लाल मोटारीला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून व्यापारी एकदा स्वतःच तिच्यात बसून मिरवायला निघाला. फाटकापाशीच तळाचा पत्रा गळून पडला. त्याचे दोन्ही पाय रस्त्याला टेकले आणि साऱ्या बाजारपेठेने त्याला स्वतःच्या मोटारीत बसून धावताना पाहिले.

तात्पर्य : वस्तूची जी बाजू कोणी आपणहून दाखवीत नाही, ती सर्वांत आधी पाहावी, आणि स्वतःचे नुकसान सोसून जो ती दाखवतो, त्याला आपला खरा मित्र मानावे.