घुशीचं दार

फार मागे, माती बोलायची तेव्हाची ही गोष्ट. एका माळाखाली घूस राहायची. पाऊस लागला की तिच्या भिंतींमागून बारीक आवाज फिरायचा, "वाट आहे का? वाट आहे का?" गांडुळांनी पाडलेल्या भोकांतून पाणी असं विचारत विचारत खोल जायचं. बिळात थेंबही पडायचा नाही, पण घुशीच्या अंगावर काटा यायचा.

शेवटी वैतागून तिने चिकणमातीचे गोळे केले आणि माळावरची सगळी भोकं लिंपून टाकली.

म्हातारं गांडूळ विनवत राहिलं, "मावशी, जाऊ दे गं त्याला. ते कुणाच्या घरात थांबत नाही."

"मला तो आवाज नको," घूस म्हणाली.

पुढच्या पावसात खरंच आवाज आला नाही. घूस पिलांना कुशीत घेऊन निवांत पडली. वर पाणी साचत होतं, माळभर फिरून भोकं चाचपत होतं. बिळात इतकं सामसूम झालं की पिलांचे श्वास मोजता यावेत.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, माळावर आता एकच भोक उघडं आहे. तिचं दार.

आणि दारातूनच, अगदी जवळून, कुणीतरी हळूच विचारलं, "वाट आहे का?"