राजा म्हणाला, डोंगर काढ

एका राज्यात राजाचा शब्द कधी खाली पडत नसे, आणि तेच त्या राज्याचं दुखणं होतं. झोळीनाथ नावाच्या जादूगाराने राजाला वर म्हणून शाप दिला होता: "तुझ्या तोंडून निघेल ते घडेल. आणि तुझ्या शब्दाने जे नाहीसं होईल, ते माझ्या झोळीत पडेल." एकदा भाजी अळणी झाली म्हणून राजा म्हणाला, "आग लागो या भाजीला!" मुदपाकखाना जळाला. तेव्हापासून बिचारा मान हलवूनच कारभार करी.

राज्याच्या उत्तर टोकाला, जिथे उन्हाळा पाट मांडेपर्यंत निघून जातो, तिथे कुशाबा चितारी राहायचा. जन्मभर त्याने एकच डोंगर रंगवला. त्याचं नाव धवळोबा. सकाळचा धवळोबा, ढगातला धवळोबा, रुसलेला धवळोबा. त्याची बायको चिमाई म्हणे, "अहो, डोंगर तोच, तुम्ही तेच. कागद तेवढे नवे!" आणि हसत हसत शेळ्या घेऊन डोंगरावर जाई.

एके दिवशी राजा स्वतः चित्रं बघायला आला. बघता बघता त्याचे डोळे भरले, आणि बाबा, तो स्वतःला विसरला.

"कुशाबा, आमच्या महालासाठी हा डोंगर काढ!"

आता काढणं म्हणजे चितारणं. पण काढणं म्हणजे उपटणंही. शापाला चित्रातलं काय कळणार? कुशाबाचा कुंचल्याचा हात आपोआप उठला आणि दाढ निघावी तसा धवळोबा मुळासकट निघाला. उत्तरेला नुसतं आभाळ उरलं.

"महाराज," कुशाबा म्हणाला, "माझी चिमा वर होती."

राजाने दोन्ही हात तोंडावर धरले. परत आण म्हणावं, तर झोळीतल्या वस्तूवर त्याचा शब्द चालत नसे.

इतक्यात एक करकोचा खाली उतरला. "चितारीबुवा, माझी अंडीही तिथेच राहिली. झोळीनाथाची गुहा मला ठाऊक आहे. बसा पाठीवर."

"मी जड आहे रे."

"डोंगराइतके नाही ना? मग बसा."

गोठलेल्या समुद्रापलीकडे गुहा होती. दारात पांढऱ्या दगडाची माणसं उभी होती. आत झोळीनाथ मांडीवर झोळी घेऊन बसला होता, आणि थंडीने त्याची बोटं वाकडी झाली होती.

"डोंगर हवा? तर कागदावर उभा कर," तो म्हणाला. "पायथ्याचं तळं असं, की तहान भागावी. कमरेवरचं ऊन असं, की ऊब यावी. माथ्यावरचा बर्फ असा, की डोंगराला वाटावं, हा मीच. चुकलास तर दगड होशील."

कुशाबा घाईचा माणूस नव्हता. त्याने कागद भिजवला, निळा रंग सोडला, त्यात हिरव्याची चाहूल दिली. करकोच्याने कागदात चोच बुडवली, मान वर केली, घोट गिळला.

"गोड आहे."

मग हळदीहून फिकं ऊन डोंगराच्या कमरेवर पसरलं. झोळीनाथाने बोटं पुढे केली. ती सरळ झाली. "बरं आहे," तो तोंड फिरवून म्हणाला.

मग झोळीनाथाने आपली पेटी उघडली. मोत्यांची भुकटी, शंखाचा चुना, चांदण्याची साय. "जगातला सगळा पांढरा रंग इथे आहे. बुडव कुंचला!"

कुशाबाचा हात शिवशिवला. असा पांढरा त्याने जन्मात पाहिला नव्हता. पण त्याने कुंचला पाण्यात धुतला, धोतराला पुसला आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला.

"अरे, बुडव ना! बर्फ राहिलाय!"

"बर्फ झाला की."

"कुठे? हा तर कोरा कागद!"

"बर्फ मी कधी लावत नाही, नाथबाबा. त्याला जागा सोडतो. भोवतीची सावली नीट पडली, की तो आपणहून येऊन बसतो."

झोळीनाथ वाकला. कोऱ्या कागदावरून गार वारा त्याच्या नाकाला झोंबला. तेवढ्यात झोळीच्या भोकातून धवळोबाने डोकावलं.

"अरेच्चा! मी तर तिकडे आहे. मग इथे काय करतोय?"

आणि झोळी टर्रकन फाटली. डोंगर समुद्र ओलांडून आपल्या जागी जाऊन बसला. पेटीतला पांढरा रंग भुरभुरत त्याच्या मागे गेला. दारातले दगड गुलाबी झाले, शिंकले आणि म्हणाले, "जेवायला काय आहे?" ते सगळे पेटीला भुललेले चितारी होते. झोळी गेली तशी जादूही गेली. झोळीनाथ हळूच म्हणाला, "एवढं ऊन ठेवून जाशील?" कुशाबाने चित्र त्याच्याजवळच ठेवलं.

करकोच्याने कुशाबाला घरी आणलं तेव्हा चिमाई शेळ्या हाकत उतरत होती. "कुणी हलवला हो डोंगर? चरवीतलं सगळं दूध सांडलं!" कुशाबा शेळ्यांच्या गळ्यात पडून रडला, म्हणून चिमाई आणखी चिडली.

राजा भीत भीत अंगणात आला. "सूर्या, खाली ये," तो म्हणाला. सूर्य हलला नाही. तो प्रधानाकडे वळला, "गाढवा!" प्रधानाने कान चाचपले. होते तेवढेच होते! मग राजा जो बोलत सुटला, तो दिवस मावळेपर्यंत थांबला नाही, आणि निम्म्याहून जास्त बडबडीला काही अर्थ नव्हता.

तसं तुम्हालाही मोकळं बोलता येवो, आणि तुमचा डोंगर तुमच्या दारातून दिसत राहो.