खुंटीवरची चेन

“पण बाबा, ह्या सायकलला चेनच नाही!”

“हाय की,” रेवणबाबा म्हणाले. “खुंटीला टांगलीय.”

शार्दूल खांबेटेने मान वर केली. मठाच्या दगडी भिंतीत एक लाकडी खुंटी होती. खुंटीवर बाबांची कफनी होती, आणि कफनीशेजारी तेल पाजून चकचकीत ठेवलेली सायकलची चेन.

शार्दूल पुण्याहून सायकल मारत जाखणीच्या पठारावर आला होता, तो ह्याच सायकलची ख्याती ऐकून. पठारावरची गावं जुन्या राजवटीतली. काळ्या दगडाच्या वेशी, ढासळलेले बुरूज, वेशीबाहेर शेंदूर फासलेले वीरगळ. राजे गेले, फौजा गेल्या, वेशींना मात्र ते अजून कोणी कळवलेलं नाही. ह्या सगळ्या गावांतून रेवणबाबा जन्मभर सायकल घेऊन फिरत आले आहेत, असं त्याला घाटाखालच्या चहावाल्याने सांगितलं. शार्दूलच्या मनाने तिथेच घेतलं, की गुरू करायचा तर हाच. त्याच्या सायकलच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला कोच होता. गुरू कोणालाच नव्हता.

“मग ही चालवता कशी?”

“चालवत न्हाई. संगट नेतो.”

“चेन का नाही घालत?”

“घातली की पळती.”

“बाबा, सायकल पळण्यासाठीच असते!”

“मंग पळू दे की तिला. तिच्यामागं मी कशाला?”

हे गहन आहे की नुसताच विक्षिप्तपणा, हे त्याला ठरवता येईना. पुण्याहून इतका चढ चढून आल्यावर माणूस गहनच धरतो. त्याने बाबांचे पाय धरले.

“मला शिष्य करून घ्या.”

बाबांनी त्याची सायकल एका बोटावर उचलून पाहिली.

“हलकी हाय.”

“कार्बनची आहे,” शार्दूल अभिमानाने म्हणाला.

“आत काय न्हाई वाटतं…”

बाबा उंबऱ्यावर बसले. उजवा गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला होता. पौर्णिमेला मठाचा भंडारा. दरसाल त्याच्या आधी बाबा गावोगाव फिरून आमंत्रणाची अक्षत देत. औंदा गुडघ्याने दगा दिला होता.

“अक्षत तू ने,” बाबा म्हणाले. “पठार जेवाय आलं, तर तू माझा चेला. न्हाई आलं, तर घाट उतरायचा आन् गप घरी जायचं.”

“एवढंच?” शार्दूल हसला. “तुम्हाला किती दिवस लागतात?”

“जातो तवा जातो. येतो तवा येतो.”

“मी संध्याकाळपर्यंत सगळी गावं करून येतो.”

बाबांनी तांदळांची झोळी पुढे केली.

“कर.”

वजन कमी म्हणून शार्दूलने सायकलवरच्या सगळ्या पिशव्या मठात काढून ठेवल्या. तंबू ठेवला, रेनकोट ठेवला, हवेचा पंपसुद्धा ठेवला. हळदीच्या तांदळांची झोळी गळ्यात अडकवली आणि तो जो सुटला, तो वाटेतल्या कोंबड्यांना ‘कोण गेलं’ हे समजायच्या आत दिसेनासा झाला.

संध्याकाळी मात्र तो आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

“वारा आडवा होता,” त्याने आल्या आल्या सांगितलं.

बाबांनी मागच्या चाकाकडे पाहिलं. चाकावर हळदकुंकवाची बोटं होती, आणि तारांत झेंडूचं एक फूल अडकलेलं होतं. शार्दूलने ते हळूच काढून खिशात टाकलं.

पौर्णिमा उजाडली. मठाच्या अंगणात मोठ्या कढईत गव्हाची खीर शिजली, पातेल्यात आमटी उकळली. पंगतीसाठी अंगण सारवून ठेवलं होतं. ऊन डोक्यावर आलं. सारवण वाळलं, त्याला भेगा पडल्या. माणूस एकही आलं नाही.

शार्दूल वाटेकडे डोळे लावून उभा होता. एकदा धूळ उठली. पण ती शेरडं होती, आणि तीही दुसरीकडे वळली.

“अक्षत दिलीस न्हवं?” बाबांनी विचारलं.

“दिली! एकही वेस सोडली नाही.”

“कोंडवलीत कुनाच्या हातात दिली?”

“तिथे वेशीत कोणी नव्हतं. मग वीरगळावर ठेवली. अगदी व्यवस्थित ठेवली होती.”

“म्हंजी कोंबड्यांस्नी आवतान गेलं… आन् माणगढीत?”

“तिथे पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांना दिली.”

“हातात?”

शार्दूल जरा घुटमळला. “…अंगावर टाकली. उतरलो असतो तर लय तुटली असती.”

बाबांनी कपाळाला हात लावला.

“दगडूअण्णा त्यो. बायको जाऊन लई वर्सं झाली बिचाऱ्याची. तू गेलास त्या दिसापास्नं गाव त्याला इचारतंय, अक्षता तर पडल्या, नवरी कुठाय?”

शार्दूलला हसावं की रडावं कळेना.

“गूळपाणी कुठं कुठं घेतलंस?” बाबांनी पुढे विचारलं.

“देत होते सगळीकडे. पण माझ्याकडे माझी बाटली होती ना.”

बाबांनी हातातला खिरीचा डाव खाली ठेवला. पठाराची रीत होती ती. अक्षत आणणाऱ्याने वेशीत पायउतार व्हायचं, पारावर टेकायचं, गावाचं गूळपाणी घ्यायचं. कोणाचं काय दुखतं, कोणाची म्हैस व्याली, हे ऐकायचं. तो उठेल तेव्हा आमंत्रण पोचलं म्हणायचं. आणि तो बसलाच नाही, तर अक्षत म्हणजे नुसते पिवळे तांदूळ.

“हे मला आधी का नाही सांगितलंत?” शार्दूल कळवळून म्हणाला.

“तू थांबलास कवा?”

एवढ्या स्पर्धा शार्दूलने जिंकल्या होत्या, पण ह्याइतकं मनापासून त्याने कधी काही मागितलं नव्हतं. आणि ते हातचं गेलं होतं. तो आतून पिशव्या घेऊन आला आणि अंगणात सायकलवर चढवू लागला. खीर कढईत तशीच होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

इतक्यात हलगी वाजली.

वाटेच्या वळणावरून आधी एक बैलगाडी आली, मग दुसरी, मग चालत येणाऱ्यांची रांगच लागली. बायका, पोरं, काठीवाले म्हातारे, एक कुत्रंसुद्धा. सगळं हिरडवडी गाव उठून आलं होतं.

“आमचा पंक्चरवाला कुठाय?” पुढच्या गाडीतून चंद्राकाकू ओरडली.

बाबांनी शार्दूलकडे पाहिलं. शार्दूलने जमिनीकडे पाहिलं.

चंद्राकाकू गाडीतून उतरून थेट त्याच्यापाशी आली. “कसा हाईस रं? उन्हानं डोकं दुखायचं ऱ्हायलं का? आईला फोन केलास का? सांगितलंस का तिला, आमच्यात मुक्काम केलास म्हनून?”

“सांगितलं, काकू.”

“आन् म्हैस रोज वाट बगती तुझी. तुझी घामाची टोपी चाटल्यापास्नं टोप्या चाटायची गोडी लागलीया तिला.”

सगळी हिरडवडी हसली. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. शार्दूल कान पकडून बाबांसमोर उभा राहिला.

“बाबा, वारा नव्हता. हिरडवडीच्या वेशीत मागचं चाक बसलं. पंप इथे ठेवलेला. गावात एकाकडे पंप होता, पण तो बाजाराला गेला होता. मग… मग बसलो पारावर.”

“बसतोय कुठला!” एक म्हातारा मध्येच म्हणाला. “आदी लई येरझाऱ्या घातल्या. मंग गूळपाणी प्याला. मंग शेंगा खाल्ल्या. मंग माज्या मांडीवर डोकं ठिवून असा घोरला, की पंपवाला आला तरी आमी उटवलं न्हाई.”

“सकाळी पंक्चर काढून हवा भरली, चाकाची पूजा केली, मंग सोडला,” काकू म्हणाली. “निगताना डोळं पुसत हुता.”

“धूळ गेली होती,” शार्दूल पुटपुटला.

“व्हय. आमच्याबी गेली हुती.”

बाबांनी डाव उचलून शार्दूलच्या हातात दिला.

“खीर वाढ.”

हिरडवडी पोटभर जेवली. शार्दूल वाढून वाढून वाकला, आणि प्रत्येक पानापाशी कोणी ना कोणी त्याला नावाने हाक मारून थांबवत होतं. तरी अर्धी कढई उरली. हिरडवडीकरांनी ती भांडी भरभरून गाडीत चढवली आणि वाटेतल्या वाड्यांना देतो म्हणाले. निघताना काकूने शार्दूलच्या पाठीवर एक धपाटा घातला. तो आशीर्वाद होता हे त्याला बरोबर कळलं.

अंगण रिकामं झालं.

“बाबा,” शार्दूलने भीत भीत विचारलं, “मी नापासच ना?”

“पठार कुठं आलं? एक गाव आलं.”

“…मी घाट उतरू?”

बाबा गुडघ्याला तेल चोळत राहिले. “फुडल्या पुनवंला पुन्ना भंडारा घालावा म्हनतो. बाकीची गावं उपाशी ऱ्हायली.”

शार्दूल आपल्या सायकलपाशी उकिडवा बसला. चेनचा जोड दाबून त्याने ती सोडवली, फडक्याने पुसली आणि खुंटीवर बाबांच्या चेनच्या शेजारी टांगली. हात काळे झाले होते, आणि छाती अशी फुगली होती, की जणू घाटातली सगळ्यात अवघड चढण त्यानेच मारली. एवढा मोठा त्याग पठाराने पाहिला नसेल, असं त्याला वाटत होतं.

त्याने अक्षतेची झोळी गळ्यात घातली, सायकल हाताने धरली आणि चालत वाटेला लागला. वेशीत उतरायचा प्रश्नच आता उरला नव्हता.

“येतो, बाबा. आता गूळपाणी घेतल्याशिवाय एकही पार सोडत नाही!”

“थांब.”

तो वळला.

बाबा उंबऱ्यावरून त्याच्या सायकलकडे पाहत होते. हिरडवडीहून आल्यापासून शार्दूलने हवेचा पंप सायकलच्या दांडीला दोन पट्ट्यांनी करकचून बांधून ठेवला होता. पुन्हा कधी तशी फजिती नको म्हणून.

बाबांनी हात पुढे केला…

“चेल्या, त्यो पंप हितंच ठेव.”