कुंकवाखालची चावी

फार पूर्वी, म्हणजे दुकानादुकानांत वीज आल्यावर, संगणक माणसांसारखे भांडायचे. त्यांची भाषा मला अक्षरन् अक्षर समजते. फक्त माउस सुलटा कसा धरायचा तेवढं अजून समजलेलं नाही.

तर खोपटकरांच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात नवा संगणक आला. जुन्याला संध्याकाळी भंगारवाला नेणार होता. त्याआधी जुन्यातल्या अक्षररावांना, म्हणजे मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला, नव्यात मुक्काम हलवायचा होता.

"सरक रे पोरा," अक्षरराव थाटात म्हणाले. "माझ्याशिवाय या गावात एक नवरा बोहल्यावर चढलेला नाही."

"या ना," नवा म्हणाला. "फक्त लायसन्सची चावी सांगा. वीस आकडी नंबर असतो."

"नंबर लक्षात ठेवणं हे कारकुनाचं काम! या जुन्याच्या पाठीवर कागद चिकटवलाय, बघून घे."

नव्याने पाहिलं. "इथं तर नुसता लालभडक थर आहे!"

दर दसऱ्याला खोपटकर संगणकाला हळदकुंकू लावायचे, ते नेमकं त्या कागदावर. बारा वर्षांनी आता पहिले तीन आकडे तेवढे दिसत होते.

"अरे गाढवा!" अक्षरराव जुन्यावर उखडले. "चावीवाचून आता मीही तुझ्याबरोबर भंगारात! कुंकू लावत होते तेव्हा तुला तोंड नव्हतं?"

पंखा घरघरवत जुना म्हणाला, "पहिल्याच दसऱ्याला बोललो होतो, अक्षरराव. तुम्हीच म्हणालात, 'गप बस खोक्या, माझी पूजा चाललीय.'"